पालकांचे मत, तीन ओळींत

शाळेनं फॉर्म दिलाय. पिवळा कागद.
'दहावीनंतर काय?' असं वर ठळक.
खाली विद्यार्थ्याची आवड, मग शिक्षकांचा शेरा,
आणि अगदी तळाशी
पालकांचे मत. तीन ओळी आखलेल्या.

आवडीच्या रकान्यात ऋजुतानं लिहिलंय
'अजून ठरलेलं नाही.'
एवढंच. अक्षर मात्र सुरेख.

मी उद्यमनगरात पॅटर्न करतो, लाकडाचे.
पंपाचं केसिंग, व्हॉल्व्हची बॉडी.
आधी सागवानात मी घडवायचं,
मग वाळूत त्याचा ठसा, ठशात वितळलेलं लोखंड.
सव्वीस वर्षं झाली. अर्ध्या मिलिमीटरची चूक
बोटाला अंधारातही कळते.
असल्या माणसाला 'ठरलेलं नाही' कसं झेपावं?

पहिल्या रात्री मी माझ्या ओळीत लिहिलं : इंजिनिअर.
पेन्सिलीनं. खोडता यावं म्हणून नव्हे,
कानावर पेन्सिलच असते.

आमटीत भाकरी कुस्करत ती म्हणाली,
'पप्पा, तुमची ओळ तुम्ही भरा की.
माझं मी बघतो.'
कोल्हापूरची पोर. बघते म्हणत नाही, बघतो म्हणते.
तिची आई हसली. मला काही हसू आलं नाही.

पालकसभेत चौगुले सरांनी तक्ता लावला होता.
शेजारच्या बापानं हात वर केला,
'सर, सगळ्यात जास्त पगार कुठल्या लाईनीला?'
माझ्याही ओठावर तेच होतं.
त्यानं आधी विचारलं म्हणून मी वाचलो.

सोमवारी आमचं कारखान्याचं शटर बंद.
शाळा सुटल्यावर तिला गाडीवर मागं घेतलं,
मेहुण्याच्या ओळखीनं
दूध संघाच्या प्रयोगशाळेत नेलं.
तिथल्या बाईंना ही विचारायला लागली,
हे कुठं शिकलात? फी किती पडली?
रात्रपाळी असते का?
कंटाळा कधी येतो?
बाई थांबल्या. हातातली नळी स्टँडला लावली,
खुर्ची ओढली
आणि खरं बोलायला लागल्या.

मी दारात, हेल्मेट काखेत.
सव्वीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं
कंटाळा कधी येतो.

परतताना सिग्नलला मागून आवाज आला,
'पप्पा, तुम्हाला काय व्हायचं होतं?'
'गोलकीपर,' म्हणालो.
हिरवा कधी लागला कळलं नाही.
मागच्या रिक्षावाल्यानं चार शब्द ऐकवले.

मग एका सोमवारी जमीन मोजणाऱ्याकडं,
एका सोमवारी तालमीतल्या पोरांचे खांदे बसवणाऱ्या डॉक्टरकडं.
आणि एका बुधवारी, न सांगता,
ती माझ्याच शेडमध्ये आली. वही घेऊन.

'हा पॅटर्न वस्तूपेक्षा मोठा का?'
लोखंड निवताना आकसतं. तेवढी जागा आधीच सोडायची.
'आणि या बाजू तिरक्या कशाला?'
वाळूतून उचलताना ठसा फुटू नये म्हणून.
'म्हणजे हा काढून घ्यायचा?'
घ्यायचाच. आत राहिला तर ओतणार कुठं?

तिनं लिहून घेतलं. रंधा बघितला, भुसा झटकला,
'कंटाळा कधी येतो?' हेही विचारलं.
मी सांगितलं. काय ते इथं लिहीत नाही.
ती गेल्यावर बराच वेळ
मी त्या तिरक्या बाजूवरून बोट फिरवत बसलो.

उद्या फॉर्म द्यायचाय.
'इंजिनिअर' खोडलं; वळ राहिलाय कागदावर, राहू दे.
त्यावरच लिहिलं :
प्रश्न चांगले विचारते.
दुसऱ्या ओळीत : सोमवारी मी मोकळा असतो.

तिसऱ्या ओळीशी अडलो तोवर
तिची आई हात पुसत आली,
'पालक म्हणजे काय तुम्ही एकटेच?'
मी कानावरची पेन्सिल पुढं केली.

ती म्हणाली, 'पेन द्या.'